मागच्या खोलीतली सहा कार्डं

१२ फेब्रुवारी

मामा,

ख्यालीखुशाली शेवटी लिहीन. आधी मुद्दा. पहिल्या चार ओळींत मुद्दा आला नाही तर तू पत्र खुणेसाठी पुस्तकात घालतोस आणि ते पुस्तक पुढच्या वर्षी उघडतोस.

परवा आईने तुला फोन केला. ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला?"

"काय म्हणणार! मी म्हटलं, छापखानेवाला तुझी वरची खोली विकतोय, मेअखेर तुला बाहेर पडायचंय, तर इकडे राहायला ये. त्यावर त्याने मला घरांच्या प्रश्नाचा इतिहास सांगितला. हो की नाही, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही." मग स्वतःच म्हणाली, "त्याला फोनवर अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्यात तो स्वतःच बोलतो. तू लिही."

म्हणून लिहितेय. ये. मागची खोली तुझी. खिडकी अंगणाकडे आहे आणि भिंती भक्कम आहेत, तुझ्या पुस्तकांचं ओझं पेलतील.

एक अडचण आहे आणि ती मीच करून ठेवलीये. त्या खोलीत सध्या माझं यंत्र आहे. तुला नीट सांगते, म्हणजे तू चुकीच्या गोष्टीवर चिडणार नाहीस. संगणकात चित्रं दाखवायला एक ग्राफिक्स कार्ड असतं. विटेएवढं, जड, पोटाशी दोन छोटे पंखे. माझ्या यंत्रात अशी सहा आहेत. ती चित्रं दाखवत नाहीत, अखंड आकडेमोड करतात, आणि त्याच्या मोबदल्यात क्रिप्टोचे, म्हणजे संगणकावरच्या नाण्यांचे, बारीक तुकडे मिळतात. याला मायनिंग म्हणतात. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट मीच कापून जोडली. वरच्या पट्टीवर सहा कार्डं ओळीने टांगली, प्रत्येकापासून एक लांब वायर खालच्या मदरबोर्डला, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीला, नेली. दिसायला खाटकाच्या दुकानासारखं दिसतं, असं आई म्हणते.

कमाई विचारू नकोस, वीजबिल फिटतं आणि माझी हौस फिटते. दिवसभर मी लोकांची झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करते. ती कधीच माझी नसतात. हे माझं आहे.

पण ते तापतं. मधली दोन कार्डं तर इतकी, की भरदुपारी यंत्र स्वतःच बंद पडतं. ऑफिसातून येते तर खोलीत शांतता आणि पडदा काळा. आणि हलवायचं म्हटलं तरी कुठे? गॅलरीत ऊन. जिन्याखालच्या अडगळीत हवा नाही.

तरी तू हो म्हण, मी काहीतरी करते.

आता ख्यालीखुशाली: आम्ही बऱ्या आहोत.

तुझी,
पक्कड


२० फेब्रुवारी

पक्कडबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा राग नीट बसलाय ना ते बघायला.

आधी माझा विरोध नोंदवून घे. माणूस राबतो तेव्हा त्यातून काहीतरी निघतं. शेतातून धान्य निघतं, मागावरून कापड, भट्टीतून वीट. आमच्या छापखान्यातून निदान शाईने बरबटलेला कागद तरी निघायचा, आणि त्यातल्या चुका काढून मी पोट भरलं. तुझं यंत्र दिवसरात्र राबतं आणि त्यातून निघतं काय? उष्णता! आत वीज, बाहेर ऊब, आणि मधे कुणालाही नको असलेल्या गणितांचा डोंगर! जी संपत्ती कुणाला पांघरता येत नाही, कुणाच्या ताटात पडत नाही, ती संपत्ती नव्हे, ती अफवा आहे. हे मी भरसभेत सांगेन आणि टेबल असेल तर त्यावर मूठही आपटेन.

हे झालं. आता दुसरं. मी येणार नाही. खोली रिकामी नाही, हे तूच लिहितेस. जो राहतोय त्याला उठवून आपण त्याच्या जागी बसायचं, याविरुद्ध मी उभा जन्म बोललो. तो राहणारा माणूस आहे की सहा विटांचं कडबोळं, याने तत्त्व बदलत नाही. राहू दे त्याला. मी इथल्या ज्येष्ठ निवासात नाव घातलंय. खिडकीजवळची खाट मिळेल म्हणतात. ताईला सांग, काळजी करू नकोस.

तिसरं. तुझं यंत्र मला पटत नाही, पण ते चुकीच्या पद्धतीने तापलेलंही मला बघवत नाही. पंखे कुठे लावलेस ते लिहिलं नाहीस. मी सांगतो कुठे लावले असशील: दोन्ही बाजूंना, आत वारा घालणारे. बरोबर?

एकदा एका सभागृहात व्यवस्थापकांनी असेच मोठाले पंखे दोन्ही भिंतींशी समोरासमोर ठेवले होते. कडेची माणसं मजेत बसली होती आणि मधल्या रांगा उकडून निघाल्या. दोन्हीकडचा वारा मधे येऊन एकमेकांशी भांडत होता, आणि गरम हवेला जायला वाट नव्हती. मी भाषण थांबवलं आणि व्यासपीठावरून सांगितलं, एका बाजूचे पंखे उलटे करा. एका भिंतीतून आत, दुसऱ्या भिंतीतून बाहेर. मग कुठे लोक टाळ्या वाजवायला मोकळे झाले.

पंख्यांना एकमत करायला लाव. आणि ताप किती उतरला ते कळव.

तुझा,
मामा


९ मार्च

मामा,

तू जादूटोणा करतोस का? पंखे अगदी तसेच होते. दोन्ही बाजूंनी आत. मला वाटलं होतं, जितका वारा जास्त तितकं बरं!

एका बाजूचे उलटे केले. मग कार्डांमधलं अंतर वाढवलं, आता दोन कार्डांमधून माझा आडवा हात जातो. मधल्या दोघांना उघडलं, तर आत चिपवर उष्णता काढून घ्यायला लावतात ती राखाडी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ती खरवडून नवीन लावली, अगदी पातळ. आणि प्रत्येक कार्डाला थोडी कमी वीज द्यायला यंत्राला सांगितलं. काम तसंच होतं, नुसतं फुरफुरणं कमी झालं. ऐंशीच्या वर गेलेला तापमानाचा आकडा साठीत आला, मामा! मी एकटीच त्या खोलीत नाचले. आई दारात येऊन म्हणाली, "कुणाचं लग्न ठरलं?"

पण. दुपारी ते अजूनही बंद पडतं. सोमवारी पडलं, मंगळवारी पडलं, असं शनिवारपर्यंत रोज. रविवारी मात्र दिवसभर गुण्यागोविंदाने चालतं. आमच्या ऑफिसात एक जण म्हणाला, दुपारी विजेचा दाब कमी होत असेल. तपासला. नाही. दुसरा म्हणाला, मदरबोर्ड खराब. उसना आणून लावला. तोच प्रकार. आता माझं डोकं त्या कार्डांहून जास्त तापलंय.

ज्येष्ठ निवासाचं मी आईला सांगितलं. ती जाऊन शिवणाच्या मशीनवर बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. आता मिक्सरलाही नवीन कव्हर आलंय, पांढऱ्यावर निळी फुलं.

मामा, ये ना. मी यंत्राचं बघून घेते.

पक्कड


१७ मार्च

पक्कडबाई,

वैद्याला रोगी दिसत नसला तरी घर माहीत असेल तर निदान करता येतं. रविवारी यंत्र बंद पडत नाही. रविवारी घरात वेगळं काय असतं? तू असतेस. बाकीच्या दुपारी कोण असतं? माझी बहीण.

तू त्या बाईला तुझ्या जन्मापासून ओळखतेस, मी माझ्या. मन थाऱ्यावर नसलं की ती शिवते. आमच्याकडे नवा रेडिओ आला तेव्हा तिने त्याला कव्हर शिवलं. ते मळू नये म्हणून त्यावर दुसरं शिवलं. बातम्या ऐकायच्या तर आधी रेडिओचे कपडे उतरवावे लागत. वडील म्हणायचे, या घरात झाकलेलं नाही असं फक्त तुझ्या भावाचं तोंड आहे.

एखाद्या दुपारी न सांगता घरी जा. यापेक्षा जास्त लिहीत नाही, पुरावा नसताना आरोप करू नये.

परवा निवास पाहून आलो. स्वच्छ आहे. सगळं जिथल्या तिथे, माणसंसुद्धा. भिंतीवर पाटी आहे: आवाज हळू ठेवावा, दिवाणखान्यात वादाचे विषय टाळावेत. पुस्तकांसाठी खाटेशेजारी एक फळी देतात. फळीवर मावतील तेवढी निवडतोय, बाकीची वाचनालयाला देईन. निवडणं कठीण जातंय, पण ते माझं काम आहे, तू त्यात लक्ष घालू नकोस.

यंत्र खोलीतून हलवण्याचा विचारसुद्धा करू नकोस. आता कुठे ते निवांत झालंय.

मामा


३० मार्च

मामा,

पुरावा मिळाला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी घरी आले. चपला हातात घेऊन मागच्या खोलीच्या दाराशी गेले, आणि तिथे खाटकाच्या दुकानाच्या जागी एक भलीमोठी, गुबगुबीत, फुलाफुलांची उशी उभी. आतून पंख्यांची घरघर. शेजारी आई खुर्चीवर, मांडीवर सुईदोरा.

मी म्हटलं, "आई!"

ती दचकली, पण क्षणभरच. मग तिनेच मला झापलं. "असं चोरासारखं येतं का कुणी?"

"हे काय आहे?"

"कव्हर. दिसत नाही? ते बिचारं उघडंनागडं बसलेलं असतं. वायरी लोंबतायत, आतडी काढून ठेवल्यासारखी. आणि ते पंखे सगळ्या घराची धूळ ओढून घेतात. तू आल्यावर नाक मुरडशील म्हणून तू यायच्या आत काढून ठेवते."

"अगं, त्याला श्वास कोंडतो!"

"काही कोंडत नाही. हे बघ, पंख्यापंख्याला भोक ठेवलंय. गोल काज केलेत, धागा उसवणार नाही असे."

खरंच ठेवली होती, मामा. इतके सुबक गोल की कंपासने काढावेत. पण सगळी पुढच्या बाजूला! मागची बाजू, जिथून गरम हवा बाहेर जाते, ती तिने दुहेरी शिवणीने बंद केली होती, "पाठीला वारा लागू नये" म्हणून. तुझ्या सभागृहाची पुढची सगळी दारं उघडी आणि मागच्यांना कुलपं!

मी हसायला लागले ती थांबेचना. आई म्हणाली, "दात काढू नकोस. धुळीचं खोटं आहे का? बोट फिरवून बघ." मी कार्डांवर बोट फिरवलं. स्वच्छ! इतर कुणाचीही यंत्रं महिन्याभरात धुळीने माखतात, माझं काल आणल्यासारखं होतं. धुळीच्या बाबतीत बाईंचं बरोबर होतं.

तेव्हाच डोक्यात आलं. मी म्हटलं, "आई, बाही शिवशील?"

"कुणाला?"

"यालाच. पण मागच्या बाजूला. हत्तीला बसेल एवढी."

तिने एक शब्द न विचारता टेप काढली आणि पंख्यांच्या मागच्या चौकटीचा घेर मोजायला घेतला. जाड पडद्याचं कापड, आत ठरावीक अंतरावर प्लास्टिकच्या कड्या, म्हणजे बाही चपटी होत नाही. एक तोंड यंत्राच्या पाठीला, दुसरं खिडकीत, तिथे एक हवा ओढणारा पंखा. पुढच्या बाजूला मच्छरदाणीचं कापड ताणून बसवलं, ते धूळ अडवतं. गरम हवा खोलीत येतच नाही आता, थेट अंगणात जाते. हात लावला तर बाही कोमट लागते, एवढंच. आठवडा झाला, यंत्र एकदाही बंद पडलं नाही. दुपारीसुद्धा!

आणि आता ऐक. ज्या जागेला बाहेर उघडणारं एक भोक आहे तिथे हे यंत्र कुठेही राहू शकतं. जिन्याखालच्या अडगळीत वर झरोका आहे. दाराला खाली जाळी मारली की झालं. येत्या रविवारी हलवते. खोली रिकामी!

सगळं श्रेय तुला. कव्हराचं तू ओळखलं नसतंस तर बाहीपर्यंत पोचलेच नसते.

आता बोल.

पक्कड


६ एप्रिल

पक्कडबाई,

घाई करू नकोस.

जिन्याखाली दमट असतं. धातूला गंज चढेल. शिवाय उंदीर. उंदरांना वायरीची चव फार आवडते, छापखान्यात आम्ही ते भोगलंय. शिवाय जिन्यावरून माणसं येणार-जाणार, पायांचा हादरा बसेल, सहाच्या सहा कार्डं हलतील. शिवाय झरोक्यातून पाऊस आत आला तर? खोलीत त्याला उजेड आहे, मोकळी हवा आहे, समोर अंगण आहे. इतकी मेहनत करून तू त्याला एक चांगलं ठिकाण मिळवून दिलंस आणि आता अंधाऱ्या कोनाड्यात लोटतेस, हा कुठला न्याय? राबणाऱ्याला कुठेही कोंबलं तरी चालतं, ही मालकांची भाषा आहे. ती तुझ्या तोंडी ऐकून मला वाईट वाटलं.

माझं म्हणशील तर निवासाचा अर्ज जवळजवळ मंजूर झालाय. पुस्तकंही निवडून झाली. फळीवर बसतात, दोन आडवी ठेवली तर.

यंत्र जिथे आहे तिथेच राहावं, असं माझं ठाम मत आहे.

मामा


१३ एप्रिल

मामा,

तुझी सगळी पत्रं काढून ओळीने वाचली. फेब्रुवारीत तू म्हणालास, हे यंत्र म्हणजे अफवा. मार्चमध्ये ते निवांत झालं म्हणून तुला बरं वाटलं. एप्रिलमध्ये त्याला उजेड हवा, अंगण हवं, न्याय हवा! मला वाटलं होतं, तुला त्याचा लळा लागला. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत होते, आमच्या मामाला सत्तरीत मायनिंगची गोडी लागली. मूर्खच मी.

तुला त्या यंत्राचं काही पडलेलं नाही. ते खोलीत आहे तोवर तुला इकडे यायला लागत नाही, एवढंच.

रविवारी ते हलवलं. जिन्याखाली कोरडं आहे, ओल मोजायचं उपकरण लावून पाहिलं. उंदीर नाहीत. हादरा बसत नाही, चौकटीच्या पायांना रबर आहे. झरोक्याला बाहेरून पत्र्याची झडप आहे. तुझ्या सगळ्या "शिवाय"ला उत्तर झालं. खोली रिकामी आहे, झाडून पुसून.

आता यंत्राच्या पदराआड न लपता सांग: यायचं का नाही तुला? आम्ही काही केलं का?

सोबत आईची चिठ्ठी आहे. मी वाचलेली नाही.

पक्कड

*धाकट्या,*

*मी तुझ्यासारखं लांबलचक लिहीत नाही. येत नसशील तर नको येऊस, पण कारण खरं सांग. मोठ्या बहिणीला उंदरांची कारणं सांगायची नसतात.*

*ताई*


२५ एप्रिल

पक्कडबाई, आणि ताई, तूही वाच,

दोघींनी मिळून मला कोपऱ्यात गाठलंत. व्यासपीठावर असं कुणी गाठलं तर मी पाणी मागायचो आणि तेवढ्यात उत्तर जुळवायचो. कागदावर पाणी मागता येत नाही.

तुम्ही काहीही केलेलं नाही. मला भीती वाटते ती तुमच्या चांगुलपणाची.

माझा एक मित्र होता, माझ्याहून फर्डा वक्ता. त्याच्यासमोर उभं राहायचं तर माणूस आठवडाभर तयारी करून यायचा. म्हातारपणी तो लेकीकडे राहायला गेला. चांगली लेक, चांगला जावई. मी भेटायला गेलो. तो काहीतरी बोलला, आणि ते चूक होतं, धडधडीत चूक. जावई म्हणाला, "हो बाबा." लेक म्हणाली, "बरोबर आहे बाबा, चहा घ्या." तो माझ्याकडे बघत राहिला. त्या घरात सगळं त्याच्या हातात आणून देत होते, आणि एकही माणूस त्याचं म्हणणं खोडत नव्हता. तुझं चुकतं, असं ज्याला कुणी सांगत नाही तो माणूस हिशेबातून गेला, असं मला त्या दिवशी वाटलं. मीच मग त्याच्याशी वाद उकरून काढला, तर लेकीने मला खूण केली: असू द्या, त्यांना त्रास होतो.

निवासात निदान पाटी लावलेली आहे, वाद टाळावेत म्हणून. तिथे कुणी माझ्याशी वाद घातला नाही तर मी पाटीला दोष देईन. तुमच्या घरात कुणी घातला नाही, तर कुणाला देऊ?

हे आहे खरं कारण. उंदरांबद्दल क्षमस्व.

मामा


२ मे

मामा,

तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं, चष्मा पुसत पुसत. शेवटपर्यंत गेली आणि म्हणाली, "हा काय समजतो स्वतःला! याचं म्हणणं आम्ही ऐकून घेऊ, असं याला सांगितलं कुणी?"

मग तिने पत्रातल्या चुका काढल्या. एक, तुझा तो मित्र फर्डा वगैरे नव्हता, त्याची वाक्यं तू लिहून द्यायचास, तिला माहीत आहे. दोन, तू त्याच्या घरी गेलास तेव्हा त्याला नुकताच ताप येऊन गेला होता, म्हणून लेक जपत होती. तीन, एका माणसावरून सगळ्या घरांबद्दल मत बनवणारा वक्ता तिच्या सभेत असता तर तिने त्याला खाली बसवलं असतं.

मी तुला समजावणार नाही. शनिवारी आमच्या ऑफिसचा टेंपो तुमच्या बाजूला यंत्रं पोचवायला येतोय, परत येताना रिकामा असतो. ड्रायव्हरला छापखान्याचा पत्ता दिलाय. तुझी खोकी बांधलेली असली तर तो चढवेल. नसली तर चहा पिऊन परत येईल. त्याला फार बोलू नकोस, त्याला पुढे आणखी एक फेरी आहे.

पक्कड


१९ जून

पक्कडबाई,

तू प्रशिक्षणाला गेलीस आणि यंत्राचा कारभार माझ्या गळ्यात पडला. तेव्हा आधी अहवाल. सहाही कार्डं साठीच्या आत आहेत. काल चौथ्याचा एक पंखा कुरकुरत होता. तू ठेवलेला नवा पंखा आम्ही दोघांनी मिळून बसवला, म्हणजे मी पेचकस धरला आणि ताईने मला सूचना दिल्या. आधी वीज बंद केली, हे तू विचारायच्या आत सांगतो. मच्छरदाणीचं कापड ताई आठवड्याला धुते. बाहीचं बाहेरचं तोंड जिथे उघडतं तिथे तिने दोरी बांधलीये आणि टॉवेल वाळत घालते. सकाळचे टॉवेल नाश्त्याला कोरडे.

इथे माझं बरं चाललंय. पहिला महिना मात्र कठीण गेला. तू घरात होतीस तेव्हा तुला जाणवलं असेल. तुम्ही दोघी फार चांगल्या वागत होतात. चहा आयता, खुर्ची आयती. मी म्हणालो, आज उकडतंय, की दोघी म्हणायच्या, हो ना. मी मुद्दाम एकदा म्हणालो, आज गारवा आहे, त्यालाही हो. म्हणून सगळी खोकी उघडली तरी एक मी तसंच ठेवलं होतं, दोरीने करकचून बांधलेलं, खाटेखाली. निवासातली जागा जूनअखेरपर्यंत राखून ठेवतात, हे मी चौकशी करून ठेवलं होतं. तुला सांगितलं नव्हतं.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरात फरक पडला. ताईने बशी माझ्यापुढे आणली नाही. म्हणाली, "हात आहेत ना? ओट्यावर ठेवलाय चहा." मी उठलो, घेतला. मग कप तसाच ठेवून उठलो, तर हाक आली: "तो विसळायला कोण येणार, श्रोते?"

आज दुपारी तर कहर झाला. ती शिवत होती, मी दाराशी उभा राहून यंत्राबद्दल माझं नेहमीचं मांडत होतो, की हे राबतं पण यातून काही निघत नाही. ती मशीन चालवत म्हणाली, "टॉवेल वाळतात."

मी म्हणालो, "टॉवेल उन्हातही वाळतात. प्रश्न टॉवेलचा नाही, श्रमाच्या फळाचा आहे."

तिने मशीन थांबवलं. चष्म्यावरून बघितलं. "आणि तू इतकी वर्षं सभांमधून बोललास, त्यातून काय निघालं रे? तोंडाची वाफच ना? तीही टॉवेल वाळवण्याइतकी नाही."

पक्कडबाई, मला असं कुणी बोलल्याला किती काळ लोटला! कानशिलं तापली. मी म्हणालो, "त्या सभांमुळे गिरणीतल्या बायकांची कामाची पाळी दोन तासांनी कमी झाली!"

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतो!"

"तू सांगतोस म्हणून काय झालं? मला तर आठवतं, ती पाळी त्या बायका स्वतः फाटकाशी बसल्या म्हणून कमी झाली. तू त्यानंतर बोललास."

"आधी बोललो!"

"नंतर."

"छापलेलं आहे!"

"मग दाखव."

मी तरातरा खोलीत आलो. सभेचे वृत्तान्त मी बांधून घेतले होते, तो खंड कुठल्याच फळीवर सापडेना. मग खाटेखाली वाकलो, खोकं ओढलं, दोरीची गाठ सुटेना म्हणून तिची कात्री आणून दोरी कापली. खंड अगदी तळाशी होता. बाकीची पुस्तकं बाहेर काढावी लागली, ती आता जमिनीवर सगळीकडे पसरली आहेत. उद्या त्यांना फळी लावायला हवी, सुताराला सांगितलंय.

खंड घेऊन बाहेर गेलो. ती म्हणाली, "आण इकडे. पान कुठलं?"

पान शोधायच्या निमित्ताने आत आलो आणि तेवढ्यात तुला हे लिहून घेतलं. आता जातो. खरं सांगू, मी नंतरच बोललो होतो, तारखा इथे स्पष्ट आहेत. पण तिला जिंकायला सोपं जाऊ द्यायचं नाही, म्हणून प्रस्तावनेपासून वाचायला सुरुवात करणार आहे.

मामा